काट्याचीही कसोटी

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी पेढीवर नव्या वह्या मांडल्या जातात, लेखणीला गंध लागते आणि त्यांच्याच शेजारी वजनकाटाही पुसून, लखलखीत करून ठेवला जातो. काट्याला वाहिलेले ते हळदकुंकू निरर्थक नाही. वहीतील आकडा आधी काट्यावर जन्मतो आणि मगच कागदावर उतरतो, हे जुन्या व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तथापि पूजा आटोपल्यावर दोघांच्या वाट्याला येणारी वागणूक सारखी नसते. वही रोज तपासली जाते. रोजमेळात एका रुपयाचा फरक पडला, तरी तो सापडेपर्यंत मुनीम जागचा उठत नाही. काट्याचा रोजमेळ मात्र फार थोड्या घरांत जुळवला जातो. त्याच्या अंगावर सरकारी मुद्रा आहे आणि तो कालपर्यंत बरोबर होता, म्हणून आजही बरोबर असणार, असे सारेजण गृहीत धरतात.

किराणा आणि अडत यांतून पुढे सरकून मसाले, डाळ, तेल, पापड, खाकरा, फरसाण, लोणची यांच्या उत्पादनात उतरलेल्या कुटुंबांना हे गृहीत फार महागात पडू शकते. दुकानात काटा चुकला तर त्याचा परिणाम समोरच्या गिऱ्हाइकापुरता असतो, आणि ते गिऱ्हाईक तिथल्या तिथे बोलून दाखवते. कारखान्यात तीच चूक एका दिवसात हजारो पाकिटांत भरली जाते आणि पाकिटांची तोंडे बंद होऊन चार जिल्ह्यांत पोचते. ती घेणारा आणि ती करणारा यांची कधी भेटही होत नाही.

व्रत आणि माप

श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. दुसऱ्यास चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडणे आणि खऱ्या मालाच्या जागी बनावट माल खपवणे हे त्यांतील चार. त्यांच्याच पंक्तीत ‘हीनाधिकमानोन्मान’ बसवलेले आहे. मान म्हणजे धान्य वगैरे मोजण्याची मापे आणि उन्मान म्हणजे तराजू. देताना कमी भरणारी आणि घेताना अधिक भरणारी मापे बाळगणे, असा त्याचा अर्थ. श्वेतांबर परंपरेत श्रावकाच्या प्रतिक्रमणात हाच दोष कूटतुला-कूटमान या नावाने आठवला जातो. चोरीच्या मालाच्या शेजारी खोट्या काट्याला जागा मिळावी, यावरूनच या दोषाची गणना किती गंभीर होती, हे कळते.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. फसवण्याचा हेतूच नसेल तर? व्यापारी कुटुंबांत हे उत्तर वारंवार ऐकू येते : “आमच्या मनात पाप नाही.” ते खरेही असते. पण जैन आचारविचारात हेतूइतकेच महत्त्व प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला आहे. हिंसेचा विचार करतानाही प्रमादयुक्त प्रवृत्ती हेच तिचे मूळ मानले आहे. साधू-साध्वी आपली वस्त्रे व उपकरणे यांचे प्रतिलेखन रोज करतात. काल ती निर्दोष होती, एवढ्यावरून आज निर्दोष असतीलच असे नाही, ही त्यामागील जाणीव. काट्याच्या बाबतीत नेमकी हीच जाणीव हवी असते.

तीन ग्रॅमची गोष्ट

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. सांगलीच्या बाजारातून हळद घ्यायची, ती दळायची आणि २०० ग्रॅमच्या पाकिटांत भरून विकायची, हा त्यांचा दोन पिढ्यांचा उद्योग. दिवसाला ४,००० पाकिटे भरली जातात. एके दिवशी एका जुन्या दुकानदाराचा फोन येतो.

“अण्णा, रागावू नका. तुमच्या हळदीची दहा पाकिटे माझ्या काट्यावर घातली. पाकिटासकट २०३ ग्रॅम भरतात. आणि एक फोडून पाहिले, तर नुसते रिकामे पाकीटच ६ ग्रॅमचे आहे.”

मुलाला राग येतो. “त्यांचाच काटा बिघडला असेल, अण्णा. आपल्या काट्यावर आठ महिन्यांपूर्वी शिक्का मारून घेतलाय.”

“असेल. पण बघायला काय जाते?” अण्णा एवढेच म्हणतात.

कपाटातली वजनांची पेटी बाहेर निघते. २०० ग्रॅमचे वजन काट्यावर ठेवले, तर आकडा २०१ येतो. एका ग्रॅमचा उलगडा झाला. काटा एक ग्रॅम जास्त दाखवतो, म्हणजे प्रत्यक्षात माल एक ग्रॅम कमी भरला जातो. पण दुकानदाराच्या हिशेबाने पाकिटात १९७ ग्रॅमच माल होता. उरलेले दोन ग्रॅम कोठे गेले, हे काट्याला विचारून कळेना. अन्नतंत्रज्ञान शिकून आलेली सून रिकामे पाकीट काट्यावर ठेवते आणि मग उलगडा होतो. पूर्वीचे पाकीट ४ ग्रॅमचे होते आणि काट्यावर तेवढीच वजावट बसवून ठेवलेली होती. सहा आठवड्यांपूर्वी अधिक जाड पाकिटे आली. ती दिसायला सुबक होती, बाजारात त्यांचे कौतुकही झाले. पण वजावट बदलायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. पाकिटाचे दोन ग्रॅम हळदीच्या भावाने विकले जात राहिले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नुसते वजन ठेवून काटा तपासला असता, तर ही दुसरी चूक कधीच सापडली नसती. काट्याची परीक्षा आणि भरलेल्या मालाची परीक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. काटा अगदी खरा असूनही माप खोटे निघू शकते.

तीन ग्रॅम म्हणजे चिमूटभर हळद. पण ४,००० पाकिटांमागे दिवसाला १२ किलो होतात आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०० किलो. हळदपूड किलोला ३०० रुपये धरली, तर महिन्याला ९०,००० रुपयांचा माल गिऱ्हाइकाच्या घरी न जाता कारखान्यातच राहिला. चूक उलट्या बाजूची असती, तर तेवढाच माल फुकट गेला असता. तेही काही दुर्मीळ नाही. काट्याच्या तबकडीखाली मसाल्याची भुकटी साचून ती खाली टेकू लागली की काटा कमी वजन दाखवतो. मग भरणारा कामगार आकडा पुरा होईपर्यंत माल घालीत राहतो. खोटा काटा कोणाचाच मित्र नसतो. तो आज गिऱ्हाइकाला लुबाडतो, तर उद्या मालकाला.

कायदा काय म्हणतो

त्या घरात पुढचा प्रश्न मुलाने विचारला. “२०० ग्रॅमच्या पाकिटाला कायद्यात ९ ग्रॅमपर्यंत सूट आहे ना? आपण तर तीनच ग्रॅमनी कमी आहोत.”

हा समज अनेक कारखान्यांत आढळतो आणि तो अर्धवट आहे. वैध मापन अधिनियम, २००९ व त्याखालील २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांत पाकिटाच्या मोठेपणानुसार कमाल अनुज्ञेय तफावत दिली आहे. २०० ग्रॅमला ती ९ ग्रॅम येते, ५०० ग्रॅमला आणि एक किलोला १५ ग्रॅम. परंतु ही सूट एखाददुसऱ्या पाकिटासाठी आहे. यंत्राने भरताना एक पाकीट थोडे कमी, एक थोडे अधिक होणारच, हे कायद्याने मान्य केले आहे. त्याच वेळी सर्व नमुन्यांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये, अशीही अट आहे. प्रत्येक पाकीट १९७ ग्रॅमचे भरले, तर एकही पाकीट ९ ग्रॅमच्या मर्यादेबाहेर जात नाही आणि तरीही संपूर्ण घाणा नियमबाह्य ठरतो. सूट ही हात हलण्याबद्दल आहे, हात आखडण्याबद्दल नव्हे.

काट्यावरील शिक्क्याबद्दलही असाच गैरसमज असतो. वजनमापे निरीक्षकाकडून होणाऱ्या पडताळणी व मुद्रांकनाची मुदत इलेक्ट्रॉनिक काट्यासाठी १२ महिने आहे. वजने, धारकतेची मापे आणि दांडीचे तराजू यांच्यासाठी २४ महिने. हा शिक्का अत्यावश्यक आहे आणि तो नसलेला काटा व्यापारात वापरणे गुन्हा आहे. पण तो शिक्का मारला त्या दिवशी काटा कसा होता, एवढेच सांगतो. त्यानंतर काट्यावर कोणी गोणी आपटली, पावसाळ्यात ओल शिरली किंवा तो दुसऱ्या खोलीत हलवला, तर त्याची वार्ता शिक्क्याला नसते.

मागे वळून पाहणे

चूक सापडल्यावर त्या घरात काय झाले असेल, हाच या विषयातला खरा कसोटीचा भाग आहे. काटा दुरुस्त करणे सोपे असते. त्यासाठी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागते. काट्याचे सील स्वतः तोडून आकडा जुळवणे चालत नाही, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी करून मुद्रा घ्यावी लागते. हे झाले उद्यापासूनचे. पण कालपर्यंतचे काय?

“केव्हापासून चुकतोय हा काटा?” अण्णांनी विचारले, तेव्हा त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. पाकिटांची तारीख बिलावरून कळली : सहा आठवडे. काट्याची मात्र कळण्याचा मार्गच नव्हता. काटा खरा असल्याचा शेवटचा पुरावा आठ महिन्यांपूर्वीच्या शिक्क्याचा. म्हणजे संशयाच्या छायेत आठ महिन्यांचा माल आला. रोज सकाळी एक वजन ठेवून आकडा लिहिला असता, तर हीच छाया एका दिवसापुरती राहिली असती. रोजच्या नोंदीचे मोल नेमके येथे कळते. ती नोंद चूक टाळते असे नाही. चूक किती मागे जाऊन पोचते, त्याची सीमा ती आखून देते.

मुलाने सुचवले, “जेवढे कमी भरले, तेवढ्याची रक्कम काढू आणि पांजरपोळाला देऊन टाकू.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दान जरूर दे. पण ज्याचे देणे लागतो तो निराळा आणि दान घेणारा निराळा. आधी ज्यांच्यापर्यंत पोचता येईल, त्यांच्यापर्यंत पोच.”

मग कामाला क्रम लागला. गोदामातला माल बाजूला काढून त्यावर ‘विक्री बंद’ची चिठ्ठी लावली. त्यातील नमुने दुसऱ्या, तपासलेल्या काट्यावर घालून पाहिले. कमी भरलेली पाकिटे फोडून माल पुन्हा भरला. वितरकांना घाण्याचे क्रमांक कळवून त्यांच्याकडचा शिल्लक माल परत मागवला. त्या जुन्या दुकानदाराचे अण्णांनी स्वतः जाऊन आभार मानले. जी पाकिटे घराघरांतून वापरली गेली, त्यांचे गिऱ्हाईक शोधता येणे शक्य नव्हते. तेवढ्या रकमेपुरता मुलाचा विचार मान्य झाला, मात्र दात्याच्या नावाची पाटी लागणार नाही, या अटीवर.

अन्नउद्योगाच्या व्यवस्थापनात या मागे वळून पाहण्याला पक्के स्थान आहे. उपकरण चुकीचे आढळले की ते शेवटचे कधी बरोबर आढळले होते, हे पाहायचे आणि त्या दोन तपासण्यांमधील सारा माल संशयित मानून त्याचा निर्णय घ्यायचा. धातुशोधक यंत्राचे उदाहरण घ्यावे. लोखंड, लोखंडाव्यतिरिक्त धातू आणि स्टेनलेस स्टील यांचे ठरावीक आकाराचे बारीक मणी बसवलेले नमुने त्यातून पाठवून यंत्र ओरडते की नाही हे पाहतात. पाळी सुरू होताना, मधे ठरावीक वेळाने आणि पाळी संपताना ही चाचणी होते. दुपारी चारला यंत्र ओरडले नाही आणि तीनला ओरडले होते, तर तीन ते चारचा सगळा माल पुन्हा तपासायचा. पाळी संपताना चाचणी केली नाही, तर अखेरच्या तासाचा माल कोणाच्या भरवशावर बाहेर गेला, याला उत्तरच उरत नाही.

पडताळणी, अंशांकन आणि साखळी

हे शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून त्यांचा अर्थ नीट पाहणे बरे. अंशांकन म्हणजे उपकरणाने दाखवलेला आकडा आणि खात्रीच्या प्रमाणाचा आकडा यांची तुलना करून फरक किती आहे, हे लिहून ठेवणे. जुळवणी म्हणजे तो फरक काढून टाकण्यासाठी उपकरणात केलेला बदल. पडताळणी म्हणजे तो फरक ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही, याचा निवाडा. अंशांकन हे निदान, जुळवणी हा उपचार आणि पडताळणी म्हणजे माणूस कामावर जाण्याजोगा आहे की नाही, याचा दाखला.

पण ज्या वजनाशी तुलना करायची, ते वजन तरी खरे कशावरून? त्याची तुलना अधिक काटेकोर वजनाशी झालेली असते आणि त्याची त्याहून काटेकोर वजनाशी. ही साखळी प्रयोगशाळांमधून चढत नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तेथे भारताचा राष्ट्रीय किलोग्रॅम, क्रमांक ५७ चा प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, जपून ठेवलेला आहे. जगाचा मूळ किलोग्रॅम दीर्घकाळ पॅरिसजवळ सेव्हर येथे तिजोरीत होता. त्याच्या आणि त्याच्या प्रतींच्या वजनात काळाच्या ओघात अत्यंत सूक्ष्म का होईना, फरक दिसू लागले. म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावर न ठेवता प्लँकच्या स्थिरांकावर ठेवण्यात आली. साऱ्या जगाने जपलेल्या तुकड्याचीही फेरतपासणी चुकली नाही, तर पेढीवरच्या काट्याची कशी चुकेल?

एकच माप सर्वत्र असणे, हेही या देशाला फार जुने नाही. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम आणि ४० शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो, हे प्रमाण सरकारी. गावोगावचे शेर, मण आणि पायल्या मात्र निराळ्या असत. १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि परगावच्या मालाचा हिशेब सोपा झाला. व्यापाऱ्याची पत त्याच्या ओळखीच्या गावापलीकडे जाऊ शकली, त्यात या समान मापाचाही वाटा आहे.

काट्याचा रोजमेळ

रोजच्या तपासणीला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. काटा घट्ट, सपाट जागेवर आहे आणि पातळीचा बुडबुडा मध्यभागी आहे, हे प्रथम पाहावे. पंख्याचा झोत त्याच्यावर नसावा. तबकडी उचलून खालची भुकटी मऊ कुंचल्याने काढावी. काटा सुरू केल्यावर त्याला स्थिर होण्यास उत्पादकाने सांगितलेला वेळ द्यावा. शून्य आकडा आल्यावर, जेवढा माल भरायचा त्याच्या जवळपासचे वजन ठेवावे. २०० ग्रॅमची पाकिटे भरायची असतील, तर ५ किलोचे वजन ठेवून पाहण्याने फारसे काही कळत नाही. आलेला आकडा आहे तसा वहीत लिहावा. ‘बरोबर’ असा शेरा पुरेसा नाही. आकडा लिहिला, तरच काटा हळूहळू सरकत आहे की काय, हे महिन्याअखेर दिसते.

महिन्यातून एकदा तबकडीच्या मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांवर, काट्याच्या क्षमतेच्या सुमारे एक-तृतीयांश वजन ठेवून पाहावे. कोपऱ्यागणिक आकडा बदलत असेल, तर काटा दुरुस्तीला द्यावा. काटा दुसऱ्या गावी नेला, तर तो तेथे पुन्हा तपासून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक काटा वास्तविक पृथ्वीच्या ओढीचे बळ मोजतो आणि ती ओढ विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत सुमारे अर्ध्या टक्क्याने बदलते. दोन कारखान्यांत एकच काटा फिरवण्याची काटकसर म्हणून अंगलट येऊ शकते.

तपासणीची वजनेही सांभाळावी लागतात. ती उघड्या हातांनी हाताळली की घामाचा थर बसतो, आदळली की झिजतात. त्यांना स्वतंत्र पेटी असावी आणि मालाचे वजन करण्यास ती कधीही वापरू नयेत. काही ठिकाणी साखरेचा एक पुडा ‘बरोबर एक किलो’ म्हणून बाजूला ठेवतात व त्यावर काटा पाहतात. पुडा ओल धरतो, गळतो, उंदीर कुरतडतो. तो पुरावा होऊ शकत नाही.

आणि भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्या कामगाराला एक अधिकार निःसंदिग्धपणे द्यावा : आकडा चुकला, तर भरणे थांबवण्याचा. चूक दाखवणाऱ्याला बोलणी बसली, तर दुसऱ्या दिवसापासून वहीत रोज ‘२००’ लिहिले जाईल आणि काटा मनमानी करीत राहील.

वजनापलीकडची मापे

वजन कमी भरले, तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. तापमान चुकले, तर त्याची प्रकृती जाते. दूध सुरक्षित करण्यासाठी ते ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवावे लागते. तापमापक दोन अंश जास्त दाखवत असेल, तर पडद्यावर ७२ दिसताना दूध ७० वरच असते. डबाबंद केलेल्या, आम्लता कमी असलेल्या पदार्थांना तर १२१ अंशांपर्यंत उष्णता द्यावी लागते, आणि तेथे दर १० अंशांमागे उष्णतेचा परिणाम दहापट बदलतो. या हिशेबाने केवळ दोन अंशांची चूक त्या परिणामात सुमारे ३७ टक्क्यांची घट करते. डबा दिसायला तोच, चवीला तोच, पण सुरक्षित नाही.

तापमापकाची प्राथमिक परीक्षा कारखान्यातच होऊ शकते. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी ढवळून त्यात तापमापक काही वेळ धरला, तर शून्य अंश दिसावे. बर्फ अभक्ष्य मानून टाळणाऱ्या कुटुंबांना हे काम बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेता येते. उकळत्या पाण्याची परीक्षा मात्र जपून करावी. पाणी १०० अंशांना उकळते, हे समुद्रकाठी खरे. साधारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तेथे तापमापकाने ९८ दाखवले म्हणून कोणी तो दोन अंश वर चढवला, तर खरा तापमापक खोटा करून ठेवल्यासारखे होईल.

लोणची आणि चटण्या यांच्यासाठी सामूचे, म्हणजे आम्लता सांगणाऱ्या पीएचचे माप मोलाचे. ४.६ ही त्यातील धोक्याची रेषा मानली जाते. त्याहून आम्लता कमी झाली, तर घातक जंतूंच्या वाढीला वाव मिळतो. हे यंत्र रोज ४ आणि ७ सामूच्या प्रमाण द्रावणांवर जुळवावे, म्हणजे ती रेषा दोहोंच्या मधे येते. द्रावणाची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वापरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नये. मुरांबे व सरबते करणाऱ्यांनी साखरेचे प्रमाण मोजणारा अपवर्तनमापक ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य दाखवतो की नाही, हे पाहावे.

प्रमाणपत्र वाचणे

वर्षाकाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून उपकरणांचे अंशांकन करून घेण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडणे आणि आपल्या उपकरणाचा प्रकार व मोजण्याचा पल्ला त्या मान्यतेत येतो की नाही, हे विचारणे योग्य. पण प्रमाणपत्र आले की ते फाइलला लागते आणि तेथेच राहते. त्यात पहिल्या रकान्यात प्रमाणाचा आकडा असतो आणि दुसऱ्यात उपकरणाचा. ९०.० च्या समोर ९१.२ लिहिलेले असेल, तर तो तापमापक १.२ अंश जास्त दाखवतो. ते चालेल की नाही, हे सहसा प्रयोगशाळा सांगत नाही. तिने फरक मोजून दिला, निवाडा मालकाने करायचा असतो. १.२ अंश चालणार नसेल, तर तापमापक बदलावा; तोवर वापरायचाच असेल, तर ती दुरुस्ती त्याच्यावर ठळकपणे चिकटवावी आणि कामगाराला समजावून सांगावी. न वाचलेले प्रमाणपत्र आणि न तपासलेला काटा यांत फारसा फरक नाही.

त्या हळदीच्या कारखान्यात आता भरण्याच्या टेबलाशेजारी एक साधी वही टांगलेली आहे. तारीख, वेळ, वजन, काट्याचा आकडा, रिकाम्या पाकिटाचे वजन आणि सही, एवढेच तिचे रकाने. दिवाळी आली, तेव्हा सुनेने ती वही नव्या खातेवह्यांच्या रांगेत आणून ठेवली. मुलाने तिच्याकडे प्रश्नार्थक पाहिले. अण्णांनी मात्र काही न बोलता इतर वह्यांप्रमाणे तिच्याही पहिल्या पानावर स्वस्तिक काढले आणि मग आधीची पाने उलटून, गेल्या महिन्याचे आकडे एकेक करून वाचायला सुरुवात केली.